तिसरा रकाना

घर शोधायला सुरुवात केली त्या दिवशी मी एका जुन्या वहीत तीन रकाने आखले. पहिला भाड्याचा. दुसरा मिनिटांचा, म्हणजे दाराला कुलूप लावल्यापासून कामाच्या टेबलाशी बसेपर्यंत किती वेळ जातो त्याचा. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर मी नुसतं 'भुरी' असं लिहिलं. त्यात 'चालेल' किंवा 'नाही' एवढंच भरायचं, अशी माझी कल्पना होती. घरमालक कुत्री ठेवू देतो की नाही, विषय संपला. पुढच्या तीन महिन्यांत त्या रकान्याचा अर्थच बदलत गेला.

भुरी नऊ वर्षांची आहे. वजन १९ किलो, अंगावर राखाडी-तपकिरी केस, मागचा डावा पाय थंडीत आखडतो. वीज कडाडली की न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि पाऊस थांबला तरी बराच वेळ बाहेर येत नाही. माझ्याकडे आली तेव्हा दीड वर्षाची होती. इतकी वर्षं माझा धाकटा भाऊ आमच्यासोबत राहायचा. भाडं अर्धं अर्धं, आणि त्याची रात्रपाळी, त्यामुळे घर दिवसा कधीच पूर्ण रिकामं नसायचं. मग त्याची नोकरी दुसऱ्या शहरात लागली आणि त्याच सुमारास घरमालकांना स्वतःला राहायला घर हवं झालं. तीन महिन्यांची मुदत मिळाली. एकटीच्या पगारात बसेल, भुरीला घेऊन राहता येईल आणि रोज कामाला जाऊन परत येता येईल असं घर शोधायचं होतं. यातल्या कुठल्याही दोन अटी पाळणारं घर आठवड्याभरात सापडतं. तिसरी आली की सगळं अडतं.

सुरुवातीला मी भुरीचा विषय शेवटी काढायचे. समोरच्या माणसाला आधी मी आवडू दे, नोकरी कळू दे, वेळेवर भाडं देणारी आहे हे पटू दे, मग सांगू, असा हिशेब. फोनवर तो क्षण आला की पलीकडे एक विशिष्ट शांतता पसरायची. "अच्छा... कुत्रा आहे का?" एवढंच यायचं आणि त्यानंतरची वाक्यं मला पाठ झाली होती. एका घराचं तर सगळं ठरत आलं होतं. दोनदा जाऊन आले, अनामत ठरली, खिडक्यांची मापंही घेतली. उठताना मी सांगितलं. ते काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." त्यांच्या पत्नीला दमा होता आणि दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत आणि एकच व्हरांडा. ते चिडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांचे दोन रविवार मी खर्च केले होते.

त्या दिवसानंतर मी पहिल्याच वाक्यात सांगायला लागले. "नमस्कार, माझ्याकडे नऊ वर्षांची, १९ किलो वजनाची कुत्री आहे, तिला घेऊन राहायचं आहे. चालणार असेल तरच पुढचं बोलू." बोलणं रुक्ष वाटतं हे मला ठाऊक आहे. पण त्यानं दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो, आणि जे 'बोला' म्हणतात ते खरंच ऐकून घेतात. एकंदर ५१ फोन झाले. त्यातले ३८ या पहिल्या वाक्याशीच संपले.

मधल्या काळात एका एजंटनं मला दुसरा रस्ता सुचवला. "मॅडम, सांगायचंच कशाला? आधी सामान टाका. एकदा राहायला आलात की कोण बाहेर काढतंय!" तो वाईट माणूस नव्हता. माझी दमछाक त्याला दिसत होती आणि त्याच्या परीनं तो मदतच करत होता. त्या रात्री मी या गोष्टीचा खरंच विचार केला. पुष्कळ जण असंच करतात, आणि ज्यांना दुसरा मार्गच उरत नाही त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण हे खोटं निभवायचं काम भुरीला करावं लागलं असतं. बेल वाजली की तिनं भुंकायचं नाही. दिवसाउजेडी खाली उतरायचं नाही. जिन्यात कोणी भेटलं तर शेपटी हलवायची नाही. तिला यातलं काहीच समजावून सांगता येत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी मला तिला दाबावंच लागणार. नऊ वर्षांच्या म्हाताऱ्या जिवाला अंधार पडायची वाट बघत चोरासारखं खाली न्यायचं, हे माझ्यानं झालं नसतं.

लांब जायची तयारी मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. शहरापासून जितकं लांब तितकं भाडं कमी, हे कोणालाही कळतं. योहान फॉन थ्युनेन या जर्मन जमीनदारानं १८२६ साली हे शेतीच्या बाबतीत मांडलं होतं: बाजारपेठ जितकी लांब तितका माल वाहून नेण्याचा खर्च जास्त, म्हणून त्या जमिनीला मिळणारा खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, कमी. पुढे १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञानं तोच विचार शहरातल्या जागांना लावला. भाड्यात वाचवलेलं आपण प्रवासात भरतो, आणि प्रत्येक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे या दोहोंचा मेळ घालून कुठेतरी थांबतो. कागदावर हे अगदी बिनतोड दिसतं. प्रत्यक्षात तो मेळ नीट बसत नाही. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांच्या माहितीचा अभ्यास केला. लांबून ये-जा करणाऱ्यांना स्वस्त घर किंवा बरा पगार मिळून त्या त्रासाची भरपाई व्हायला हवी होती. पण प्रवास जितका जास्त, तितके लोक आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचं सांगत होते.

चेझारे मार्केती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ साली आणखी एक निरीक्षण मांडलं, ते मला या सगळ्यात फार जवळचं वाटलं. माणूस कुठल्याही काळातला असो, रोजच्या जाण्यायेण्याला सरासरी साधारण एक तास देतो, असं त्याचं म्हणणं. पायी चालणारा माणूस ताशी ५ किलोमीटर जातो, म्हणून जुनी तटबंदीची शहरं या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तेवढीच असत. मध्यातून निघालं की अर्ध्या तासात वेस. वाहनं वेगवान झाली तशी शहरं पसरली, पण माणसाचा तो एक तास फारसा हलला नाही. मी माझ्या वहीतला दुसरा रकाना बघितला. त्यात जाण्याचेच ७०, ८५, ९५, १०५ असे आकडे होते, आणि येण्याचे तेवढेच वेगळे.

आणि हे आकडेसुद्धा मी मोजलेले होते, म्हणून खरे. जाहिरातीत 'स्टेशनपासून ५ मिनिटं' असतं, ती मिनिटं रिकाम्या रस्त्यावर गाडीनं जाणाऱ्याची असतात. रविवारी दुपारी घर बघायला गेलात तर वाटेत सगळंच जवळ वाटतं. म्हणून जे घर मनात भरायचं, तिथून मी एकदा तरी सोमवारी सकाळी कामावर जाऊन बघायचे. त्यासाठी पहाटे उलट्या दिशेनं तिथवर जायचं, त्या घराच्या फाटकाशी उभं राहायचं, घड्याळ बघायचं आणि निघायचं. पहिली गाडी भरून गेली तर दुसरीची वाट बघायची, आणि तीही मिनिटं लिहायची. नकाशावर ६० मिनिटं दाखवणारा एक रस्ता असा चालून बघितला तेव्हा ९५ मिनिटांचा निघाला. परतीला संध्याकाळी शेवटची सोयीची गाडी किती वाजता आहे हेही त्याच फेरीत कळतं. घर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हे मनापासून सांगणं आहे, प्राणी असो वा नसो.

एकंदर तेरा घरांनी भुरीला फोनवर तरी होकार दिला. त्यातली नऊ मी जाऊन पाहिली. बहुतेकांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एक चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची बंद. एकात सगळीकडे गुळगुळीत चकचकीत फरशी, जिच्यावर भुरीचे मागचे पाय फाकले असते. दोन ठिकाणी 'चालेल' याचा अर्थ 'लहान असेल तर चालेल' असा निघाला. वजनावरून किंवा उंचीवरून कुत्र्याची अट घालणं मला कधीच पटलेलं नाही. घोड्यासारख्या पायांची ग्रेहाउंड दिवसाचा बराच भाग झोपून काढते, आणि हाताच्या ओंजळीत मावणारा एखादा जीव इमारत डोक्यावर घेतो. पण हे फोनवर पटवून देता येत नाही.

सातवं घर मात्र सविस्तर सांगायला हवं.

ते सगळ्यांत लांब होतं, १०५ मिनिटं, आणि वहीतलं सगळ्यांत कमी भाडं. दोन प्रशस्त खोल्या, गॅलरी, समोर मोकळं मैदान. मालक निवृत्त गृहस्थ होते, खालच्याच मजल्यावर राहणारे. त्यांनी मला घर दाखवलं आणि मग मुख्य दार आतून लावून म्हणाले, "आता हे बघा. आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्यानं काय करून ठेवलंय." जागा सहा महिने रिकामी पडली होती म्हणून ते मला हो म्हणत होते, पण अनामत जास्त घेणार होते, आणि का घेणार ते त्यांना मला दाखवायचं होतं.

मी दारासमोर खाली बसले. दाराचा खालचा भाग, जमिनीपासून वीतभर उंचीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत, नखांनी ओरबाडलेला होता. वॉर्निश पार गेलेलं, आतलं लाकूड पांढरट आणि तंतू सुटलेलं. ओरखडे सगळीकडे सारखे नव्हते. बिजागऱ्यांच्या बाजूला जवळजवळ नाहीतच. कडी ज्या बाजूला, जिथून दार उघडतं त्या फटीजवळ मात्र एकावर एक इतके की वेगळे मोजता येईनात. चौकटीच्या कडेला दातांच्या खुणा. एका खोल ओरखड्यात नखाचा छोटा काळा तुकडा रुतून बसला होता. मी उठून बाकीची दारं बघितली. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, गॅलरीचं. एकावरही चरा नव्हता.

"ते भाडेकरू कामाला कुठे जायचे?" मी विचारलं.

"शहरातच. सकाळी सातला निघायचे, यायला नऊ वाजायचे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी खालीच असतो ना. आधी भुंकायचा खूप. मग भुंकायचं बंद झालं."

त्यांना त्या दारात नुकसान दिसत होतं आणि त्यांचं दिसणं चुकीचं नव्हतं. दार बदलायला पैसे लागतात आणि ते त्यांच्याच खिशातून जाणार होते. मला तिथे चौदा तास दिसत होते. ज्या दारातून माणूस गेला त्याच दाराशी, ज्या फटीतून त्याचा वास येत राहिला त्याच फटीशी. त्या भाडेकरूचंही कुत्र्यावर प्रेम असणारच, नाहीतर इतक्या लांब, इतक्या अडचणीत त्याला घेऊन कोण राहतं? त्यानंही माझ्यासारखंच 'चालेल' म्हणणारं, परवडणारं घर शोधलं असेल आणि सापडल्यावर सुटकेचा श्वास सोडला असेल.

परतीच्या गाडीत मी वही काढली. माझे कामाचे ९ तास, जाण्यायेण्याचे साडेतीन. तिसऱ्या रकान्यात तोवर सगळीकडे 'चालेल' लिहिलेलं होतं. त्या घरासमोर मी 'साडेबारा' असं लिहिलं. मग मागच्या सगळ्या घरांसमोरही आकडे लिहीत गेले. भाडं वाचवायला मी जो जो मैल लांब जात होते तो माझ्या दुसऱ्या रकान्यात एकदा पडत होता आणि भुरीच्या रकान्यात पुन्हा. मला निदान गाडीत खिडकी होती, पुस्तक होतं, आणि किती वाजता पोचणार हे ठाऊक होतं. तिला यातलं काहीच नसणार. आणि घर निवडताना तिला कोणी विचारलेलंही नाही.

रात्री मी त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हणाले. हाती आलेलं घर सोडताना पोटात गोळा आला होता. मुदतीतले पाच आठवडे उरले होते.

भुरी एकटी असताना नेमकं काय करते हे मला माहीत नाही, हे मला त्याच रात्री उमगलं. भाऊ होता तोवर प्रश्नच आला नव्हता. म्हणून त्या शनिवारी मी एक जुना मोबाइल फडताळावर चित्रीकरण चालू करून ठेवला आणि चार तास बाहेर जाऊन वाचनालयात बसले. रात्री ते चित्रण पाहिलं. दार बंद झाल्यावर पहिली वीसेक मिनिटं ती दार ते खिडकी, खिडकी ते दार अशी चालत राहिली. एकटेपणाचा त्रास होणारी कुत्री बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच तो दाखवतात, असं पशुवैद्य सांगतात. मग ती माझ्या पायपुसण्यावर गोल फिरून बसली, हनुवटी पंजांवर टेकली आणि झोपली. पुष्कळ झोपली. चित्रण पुढे पळवत मी निश्चिंत होऊ लागले होते. मग तिसऱ्या तासानंतर लिफ्ट वाजली की ती उठायला लागली. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबो न थांबो, ती उठायची, मागचा पाय ताठ करत दाराशी जायची, फटीला नाक लावायची, आणि लिफ्ट पुढे गेली की परत येऊन बसायची. तिसऱ्या ते चौथ्या तासात ती अकरा वेळा उठली. बाराव्यांदा मी आले.

स्वीडनमध्ये थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग या संशोधकांनी २०११ साली नेमका हाच प्रश्न घेतला होता. १२ कुत्र्यांना घरी अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून त्यांचं वागणं चित्रित केलं. अर्ध्या तासानं माणूस परत आला तर होणाऱ्या स्वागतापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत जास्त जोरात होतं. दोन आणि चार तासांत मात्र फरक दिसला नाही. आता याचा अर्थ कुत्र्याला वेळ कळते पण ते दाखवत नाही, की माणूस दिसल्यावरच त्याला आठवण होते, हे या प्रयोगातून ठरवता येत नाही असं त्यांनीच नमूद केलं आहे. मला त्यांचा हा प्रांजळपणा फार आवडला. भुरीला साडेबारा तास म्हणजे काय वाटतं हे मलाही ठरवता येणार नाही. पण त्याच स्वीडनमध्ये नियम आहे की घरात ठेवलेल्या कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर फिरवलं पाहिजे, आणि पिल्लांना व म्हाताऱ्या कुत्र्यांना त्याहून जास्त वेळा. हा आकडा मला धरायला सापडला. वहीत तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर, भुरीच्या नावाखाली, मी लिहिलं: सलग ६ च्या आत.

कायद्याबद्दल मला बरेच जण विचारतात, कारण नकार ऐकून माणूस शेवटी तिथेच जातो. फ्रान्समध्ये १९७० च्या कायद्यानं भाडेकरारातली पाळीव प्राण्यांना मनाई करणारी अट रद्दबातल ठरते, अपवाद धोकादायक ठरवलेल्या कुत्र्यांचा आणि सुट्टीपुरत्या भाड्यानं दिलेल्या जागांचा. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की छापील करारात कुत्र्यामांजरांना सरसकट बंदी घालता येणार नाही, प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचं हित तोलून बघावं लागेल. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०२० पासून भाडेकरूनं परवानगी मागायची आणि मालकाला नकार द्यायचा असेल तर त्यानं १४ दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं. भारतात प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांनुसार रहिवासी संघाला बहुमतानं ठराव करूनही इमारतीत पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही. हे माहीत असणं गरजेचं आहे, विशेषतः राहायला गेल्यावर कोणी लिफ्टवरून किंवा फाटकावरून अडवायला लागलं तर. पण एखाद्या घरमालकानं मला आत घ्यावं म्हणून मी कायदा दाखवला, असं एकदाही झालं नाही. ज्या घरात भुरीला नऊ-दहा तास ठेवायचं, तिथे खालच्या मजल्यावरचा माणूस तिचं भुंकणं ऐकून चार पायऱ्या चढून विचारपूस करील की तक्रार लिहील, हे कुठल्याच कलमानं ठरत नाही.

घरमालकांच्या भीतीचं मात्र काहीतरी करता येतं. मी भुरीची एक फाइल केली: लसीकरणाचं पुस्तक, पशुवैद्यांचं पत्र, आधीच्या घरमालकांचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या परवानगीनं, आणि आमच्या तेव्हाच्या घरातल्या दारांचे नि फरशीचे फोटो. घर बघताना जिथे लाकडी जमीन असेल तिथे कोपऱ्यात वाकून वास घ्यायचे, कारण आधीच्या प्राण्याची लघवी लाकडात मुरली असेल तर आपला प्राणीही तिथेच खूण करायला जातो आणि दोष आपल्या माथी येतो. असा डाग एन्झाइमच्या क्लीनरनं काढावा. त्यावर ब्लीच कधीही ओतू नये, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. मांजर असेल तर वरच्या मजल्यावर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी लावायची परवानगी सही करण्याआधी घ्यावी, नंतर नको.

मुदतीचे सोळा दिवस उरले असताना मी एक्कावन्नावा फोन केला. माझं ठरलेलं वाक्य बोलले. पलीकडे एक वयस्क बाई होत्या. त्या म्हणाल्या, "बरं. आणि तुम्ही कामाला गेल्यावर ती दिवसभर काय करते?"

या वेळी गप्प मी झाले. इतक्या फोनांत नुकसान किती करते, भुंकते का, चावते का, केस गळतात का, वास येतो का, हे सगळं मला विचारून झालं होतं. हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्या अकरा वेळा उठण्याचंही सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "मग या बघायला. घर लहान आहे."

घर खरंच लहान होतं. एक खोली, स्वयंपाकघर, पश्चिमेची एक खिडकी. तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आमची जागा पहिल्या मजल्यावर आणि त्या तळमजल्यावर. भाडं माझ्या मर्यादेच्या थोडं वर, सातव्या घराच्या मानानं तर फारच जास्त आणि जागा निम्मी. सोमवारी सकाळी मोजून पाहिलं, ५० मिनिटं. म्हणजे कामाचे ९ तास धरून १० तास ४० मिनिटं, आणि हे सलग सहाच्या आत बसत नव्हतं. मी कामावर बोलले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं, त्यासाठी मला शनिवारची एक जबाबदारी अंगावर घ्यावी लागली. उरलेल्या तीन दिवसांसाठी बाईंनीच शेजारच्या इमारतीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा सुचवला. तो दुपारी येऊन भुरीला अर्धा तास फिरवून आणणार, ठरलेल्या मोबदल्यावर. त्याचे पैसे भाड्यात धरले की आकडा अजून वर गेला. मोठं कपाट आणि पलंग मी विकले. ते तसेही त्या खोलीत मावले नसते.

भाडेकरारात आम्ही सगळं लिहून काढलं. कुत्रीचं नाव, वय, वजन. दुपारी कोण येणार. दारं, चौकटी, फरशी यांचं नुकसान झालं तर ते मी भरून देणार. आत जाण्याआधी प्रत्येक दाराचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून, तारीख टाकून, दोघींनी एकेक प्रत ठेवली. बाईंनी एक अट स्वतः घातली: "रात्री यायला उशीर होणार असेल तर मला फोन करायचा. मी वर जाऊन बसेन तिच्याजवळ." मी म्हणाले, हे करारात कशाला, काकू. त्या म्हणाल्या, "लिहिलेलं बरं. नाहीतर तुम्ही संकोच कराल." ते कलम करारात नववं आहे.

आता दोन महिने झाले. वहीत या घरासमोर तिसऱ्या रकान्यात '५ तास १० मि. + ५ तास' असं आहे. पहिल्या आठवड्यात मी मोबाइल पुन्हा फडताळावर ठेवला होता. सुरुवातीची चालण्याची वीस मिनिटं इथेही आहेत, ती गेलेली नाहीत. दुपारनंतर ती झोपते. इथे लिफ्ट नाही, त्यामुळे तिला आता जिना शिकावा लागतो आहे. चौदा पायऱ्या आहेत. दुपारच्या मुलाची पावलं तिनं चार दिवसांत ओळखली, तो दोन-दोन पायऱ्या चढतो. काकूंच्या चपलेचा आवाज ती ओळखते, पण त्यासाठी उठत नाही, नुसते कान हलवते. माझी पावलं अजून तिला पक्की लागलेली नाहीत. दिवसभराच्या थकव्यानं मी कधी हळू चढते, कधी घाईनं. परवापासून मी सातव्या पायरीवर थांबते, पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि मग पुढच्या सात पायऱ्या रोज एकाच लयीत चढते. काल किल्ली लावण्याआधीच दाराच्या फटीशी नाकाचा आवाज आला.